दोन बिऱ्हाडे, एक बेट : नातवंडांसह अंदमानला जाताना

मुलगा, सून आणि त्यांच्या मैत्रीतले दुसरे जोडपे हिवाळ्यात अंदमानला जाण्याचा बेत करतात. दोन्ही घरांत दीड ते चार वर्षांची मुले असतात. ‘आई-बाबा, तुम्हीही चलाच,’ असा आग्रह होतो आणि आपण मनापासून सुखावतो. वाचकहो, या आनंदात एक प्रश्न मात्र बहुधा विचारायचा राहून जातो. या प्रवासात आजी-आजोबा कोण असणार आहेत? सहप्रवासी, की मुलांचे राखणदार? या प्रश्नाचे उत्तर घरीच ठरले, तर समुद्रकाठचे दिवस सुखाचे जातात. ते न ठरवता निघालो, तर केवळ रुसवेफुगवेच होतात असे नाही. पाण्याजवळ लहान मुले असताना त्यातून खरा धोकाही उद्भवतो. म्हणून हे लेखन जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे, तसेच त्यांना सोबत नेणाऱ्या तरुणांसाठीही आहे.

ऋतू आणि सूर्याचे घड्याळ

बंगालच्या उपसागरात दक्षिणोत्तर पसरलेल्या अंदमान-निकोबार समूहात पाचशेहून अधिक बेटे आहेत; वस्ती मात्र त्यांतल्या थोड्याच बेटांवर आहे. इथे पाऊस दोन्ही मोसमी वाऱ्यांकडून येतो. मे महिन्यापासून नैर्ऋत्येचा पाऊस सुरू होतो आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येकडचा येतो. त्यामुळे लहान मुले आणि वृद्ध माणसे सोबत असताना जानेवारी ते मार्चअखेर हा काळ सर्वांत सोयीचा. समुद्र त्या मानाने शांत असतो, हवा उष्ण व दमट असली तरी असह्य नसते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना पहिला धक्का बसतो तो घड्याळाचा. घड्याळ तेच, भारतीय प्रमाणवेळेचे; पण ही बेटे मुंबईच्या सुमारे २० रेखांश पूर्वेला आहेत. त्यामुळे तिथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण सव्वा तास आधी माथ्यावर येतो. जानेवारीत पहाटे साडेपाचला उजाडलेले असते आणि सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास दिवस मावळतो. हॉटेलांची न्याहारी मात्र बऱ्याचदा आपल्याकडच्यासारखी साडेसात-आठलाच सुरू होते. या विसंगतीत मुलांचे हाल होतात. आपण घरच्या वेळा धरून दहाला किनाऱ्यावर गेलो, तर ऊन ऐन कडक झालेले असते. आणि पाचला चहा घेऊन फिरायला निघालो, तर अंधार पडतो.

यावर उपाय सोपा आहे. तिथल्या सूर्याप्रमाणे वागावे. सकाळी सहा ते नऊ किनारा, साडेअकराला जेवण, त्यानंतर मुलांची आणि आपलीही झोप, साडेतीन ते पाच पुन्हा किनारा, साडेसहाला जेवण आणि आठपर्यंत निजानीज. पहाटे उठणारी लहान मुले आणि पहाटेच जाग येणारे आजी-आजोबा, दोघांनाही हे वेळापत्रक सहज मानवते. आई-वडिलांना थोडे जड जाते, पण दोन दिवसांत तेही रुळतात. सकाळच्या भुकेसाठी नाचणीचे सत्त्व, गूळपापडीचे लाडू, भाजलेले पोहे असे काही जवळ ठेवावे.

आखणी : कमी ठिकाणे, एक मोकळा दिवस

राजधानीचे शहर म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून त्याचे नाव श्री विजयपुरम आहे. चेन्नईहून विमानाने दोन ते सव्वादोन तास लागतात. मुंबई-पुण्याहून बहुतेकांना वाटेत विमान बदलावे लागते. वयोवृद्ध माणूस सोबत असेल, तर मध्यरात्रीचे स्वस्त तिकीट टाळावे, किंवा वाटेत एक रात्र विश्रांती घ्यावी. विमान खाली उतरू लागले की दाबातील फरकामुळे मुलांचे कान दुखतात. त्या वेळी बाळाला अंगावर पाजावे, मोठ्या मुलाला घोटघोट पाणी द्यावे. आपणही दर तासाला पाय हलवावेत, जागेवरून उठून चार पावले चालावे.

शहरातून पुढे स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) या बेटांकडे बोटी जातात. स्वराज द्वीप सुमारे ४० किलोमीटरवर आहे. वेगवान खासगी बोटीने दीड ते दोन तास, सरकारी बोटीने त्याहून अधिक वेळ लागतो. समुद्र खवळला, की फेऱ्या रद्द होतात आणि त्यावर कोणाचा इलाज चालत नाही. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम राजधानीतच असावा. दोन कुटुंबांची सात-आठ तिकिटे चुकली, की नुकसान मोठे होतेच. त्याहून अधिक त्रास थकलेल्या मुलांना आणि संपत आलेल्या औषधांचा होतो. औषधे नेहमी मुक्कामापेक्षा पाच दिवस अधिकची न्यावीत.

सात रात्रींची आखणी अशी करता येते : पहिली रात्र राजधानीत केवळ विश्रांतीसाठी, मग तीन रात्री स्वराज द्वीप, दोन रात्री शहीद द्वीप, आणि शेवटची पुन्हा राजधानीत. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांची सहल या वयाच्या मुलांसह आणि पाठदुखी असलेल्या माणसांसह सोडून दिलेली बरी. त्यासाठी अपरात्री उठावे लागते, जारवा समाजाच्या राखीव जंगलातून वाहनांच्या ताफ्याबरोबर जावे लागते, वाटेत थांबता येत नाही आणि पुढे बोटीची चढउतारही असते. सेल्युलर जेल मात्र अवश्य पाहावे. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या मूळ सात भुजांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकर बंधूंच्या बंदिवासामुळे मराठी माणसाचे या वास्तूशी विशेष नाते आहे. तिथे जिने आहेत आणि शांतता हवी असते. म्हणून एका कुटुंबाने सकाळी, दुसऱ्याने दुपारनंतर जावे आणि त्या वेळेत मुले दुसऱ्या गटाकडे असावीत. दोन बिऱ्हाडे एकत्र असण्याचा हा खरा फायदा आहे.

किनारा निवडताना

प्रत्येक सुंदर किनारा लहान मुलांचा नसतो. स्वराज द्वीपाच्या पश्चिमेला असलेला राधानगर किनारा विस्तीर्ण, मऊ वाळूचा आहे. २०२० मध्ये त्याला निळ्या झेंड्याचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि जीवरक्षक यांमुळे वृद्धांना तो सोयीचा वाटतो. पण इथे लाटा येतात. दोन वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यापर्यंत येणारे पाणी मागे सरताना त्याच्या पायाखालची वाळू ओढून नेते. इथे मुलांनी वाळूत खेळावे. पाण्यात जायचे तर मोठ्या माणसाच्या हाताला धरूनच.

शहीद द्वीपावरचे भरतपूर उथळ आहे, पण तळाशी प्रवाळ असल्याने पाय कापतात. मुलांना आणि मोठ्यांनाही रबरी तळाचे, बोटे झाकणारे बूट हवेत. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांनी तर अनवाणी एक पाऊलही टाकू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर जखम झालेली कळतही नाही, आणि तापलेली वाळूही पाय पोळते. एलिफंट बीचला वेगवान बोटीने किंवा जंगलातील पायवाटेने जावे लागते. बोट लाटांवर आदळते, तेव्हा मणक्याला हिसके बसतात. तान्ही मुले आणि ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत अशी माणसे यांनी मागे राहावे.

कोकणातल्या वाचकांना भरती-ओहोटीचे गणित नव्याने सांगायला नको. अंदमानातही दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची, अष्टमीच्या आसपास भांगाची. सकाळी मुले ज्या डबक्यात खेळली, तिथे दुपारी पुरुषभर पाणी असू शकते. हॉटेलात पोहोचताच त्या आठवड्याच्या वेळा विचारून भिंतीवर लावाव्यात. काही किनाऱ्यांवर मगरींविषयी इशाऱ्याच्या पाट्या आहेत. त्या वाचाव्यात आणि तंतोतंत पाळाव्यात. माडाच्या झाडाखाली बाळाची चटई अंथरू नये, हे आपण नातवंडांच्या आई-वडिलांना सांगायला हवे. शहरात वाढलेल्या पिढीला नारळ पडतो हे लक्षात येत नाही.

पाण्यावरची नजर

आता सर्वांत महत्त्वाचे. चित्रपटात बुडणारा माणूस हात वर करून ओरडतो. लहान मूल तसे काही करत नाही. ते आवाज न करता, क्षणार्धात पाण्याखाली जाते. त्यासाठी वीतभर पाणीही पुरते. त्याचा श्वास कोंडलेला असतो, म्हणून हाक मारणे त्याला शक्यच नसते.

दोन कुटुंबे एकत्र असली की किनाऱ्यावर सहा-सात मोठी माणसे असतात. त्यामुळे मुले अधिक सुरक्षित आहेत असे वाटते. प्रत्यक्षात उलटेही घडू शकते. आईला वाटते, मुलाकडे मावशी पाहते आहे. मावशीला वाटते, काका तिथेच उभे आहेत. काका फोटो काढत असतात आणि आजोबांना वाटते, एवढी सगळी असताना आपण कशाला उठायचे? सगळे पाहत असतात, म्हणजे नेमके कोणीच पाहत नसते.

म्हणून एक पद्धत घालून घ्यावी. मुले पाण्याजवळ असताना एक प्रौढ व्यक्ती ‘पहारेकरी’ असेल. तिच्या मनगटाला एक ठळक रंगाचा रुमाल बांधलेला असेल. रुमाल बांधलेल्या माणसाने मोबाइल पाहायचा नाही, वाचायचे नाही, गप्पांत गुंतायचे नाही, आणि मुलांपासून हात पोहोचेल इतक्या अंतरावर राहायचे. पंधरा-वीस मिनिटांनी रुमाल दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आणि देताना मोठ्याने म्हणायचे : ‘आता पहारा तुझा. मुले चार.’ घेणाऱ्याने मुले मोजून ‘हो, चार’ असे उत्तर द्यायचे. पहिल्या दिवशी हे थोडे नाटकी वाटेल. दुसऱ्या दिवसापासून मुलेच रुमालाची आठवण करून देतील. हॉटेलात तरणतलाव असेल, तर तिथेही हाच नियम, आणि मुले पाण्यात नसतील तेव्हाही. कारण बरेच अपघात पोहण्याच्या वेळी होत नाहीत. सामान आवरताना, जेवण वाढताना, मूल नजरेआड झाले असता होतात. खोली घेतानाच दाराला उंचावर कडी आहे का आणि तलावाला कुंपण आहे का, हे विचारून घ्यावे.

हाताला बांधायच्या फुगणाऱ्या पट्ट्या आणि हवेची वर्तुळे ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधने नव्हेत. मुलांच्या वजनाप्रमाणे मापाची जीवरक्षक जाकिटे घरूनच न्यावीत. बोटीवर मिळणारी जाकिटे बऱ्याचदा मोठ्यांच्या मापाची असतात.

आणि वाचकहो, हा रुमाल आपण आपल्या मनगटाला बांधावा का? आपले गुडघे सैल वाळूत धावू शकतात का, लाटेतून बारा किलोचे मूल उचलून आपण तोल सांभाळून परत येऊ शकतो का, याचे प्रामाणिक उत्तर स्वतःला द्यावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही. उलट, संकोचाने होकार देणे हेच मुलांच्या दृष्टीने अधिक धोक्याचे आहे.

आजीच्या पिशवीतला धोका

समुद्राइतकाच दुर्लक्षित राहणारा दुसरा धोका आपल्याच पिशवीत असतो. घरी आपली औषधे उंच कपाटात असतात. प्रवासात ती उशाशी, टेबलावर, पर्समध्ये येतात. आठवड्याच्या गोळ्यांचा रंगीत कप्प्यांचा डबा तर मुलांना खेळण्यासारखाच दिसतो आणि तो उघडणे सोपे असते. मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या अशा आहेत, की एखाद-दुसरी गोळीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून दोन्ही कुटुंबांतील सर्वांची औषधे कुलपाच्या एकाच लहान बॅगेत, उंच जागी ठेवावीत. खाली पडलेली गोळी सापडेपर्यंत शोध थांबवू नये. मुलाने गोळी खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी मूल ठीक दिसते म्हणून वाट पाहू नये; उलटी करवू नये; औषधाचे पाकीट हातात घेऊन तडक दवाखाना गाठावा. दुसऱ्या कुटुंबातल्या आईलाही हे आधी सांगून ठेवावे, कारण तिला आपल्या पिशवीत काय आहे, याची कल्पना नसते.

इन्सुलिन थंड पिशवीतून हातातल्या सामानात न्यावे. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ते गोठण्याची वा हरवण्याची भीती असते. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी दमट हवेत पाणी आणि मीठ किती घ्यावे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये.

प्रकृती बिघडली तर

स्वराज द्वीपावर सरकारी आरोग्य केंद्र आहे. मोठे उपचार राजधानीतल्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातच मिळतात. मध्ये समुद्र आहे, हे लक्षात ठेवून निर्णय लवकर घ्यावा. मुलाला जुलाब झाले, तर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घेऊन जलसंजीवनी तयार करावी आणि चमच्याचमच्याने देत राहावी. अंगावरचे दूध थांबवू नये. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, जीभ कोरडी पडली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, किंवा मूल गळून पडले, तर संध्याकाळच्या बोटीची वेळ पाहत बसू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

बोट लागणे हा त्रास दोन वर्षांवरील मुलांना अधिक होतो. बोटीत मध्यभागी बसावे, क्षितिजाकडे पाहावे, पोट रिकामेही नसावे आणि तुडुंबही नसावे. औषध द्यायचे झाल्यास बालरोगतज्ज्ञाने वयाप्रमाणे सांगितलेलेच द्यावे. मोठ्यांची अर्धी गोळी मुलाला देण्याची चाल सोडावी. सहा महिन्यांखालील बाळाला थेट उन्हात नेऊ नये. मोठ्या मुलांना लांब बाह्यांचे सुती कपडे, टोपी आणि उन्हाचे मलम. ते मलम दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे. सकाळ-संध्याकाळ वाळूत बारीक माश्या चावतात, तेव्हा पाय झाकावेत.

दुसऱ्या कुटुंबाशी बोलणे

मैत्री असली तरी प्रत्येक घराची रीत निराळी असते. एका घरी मुलाला जेवताना मोबाइल मिळतो, दुसऱ्या घरी नाही. एक आई दुपारी मुलाला झोपवतेच, दुसरी म्हणते सहलीत चालायचेच. पहिल्या दिवशी हसण्यावारी नेलेल्या या गोष्टी चौथ्या दिवशी खुपतात. आजी-आजोबांनी यात पडू नये. विशेषतः दुसऱ्यांच्या मुलाला शिस्त लावण्याचा मोह आवरावा. तो हात उगारतो आहे वा पाण्याकडे धावतो आहे, तर अडवावे. बाकीचे त्याच्या आईवर सोडावे.

खोल्या शेजारी असाव्यात, पण वेगळ्या. रोज एक जेवण आपापले, एक एकत्र. गाडी, बोटी आणि एकत्र जेवणासाठी सारख्या वर्गणीची एक थैली करावी. बेटांवर पैसे काढण्याची यंत्रे आणि इंटरनेट यांचा भरवसा कमी, म्हणून रोख रक्कम जवळ असावी. एका मुलाला ताप आला, तर ते कुटुंब थांबेल आणि दुसरे पुढे जाईल, की दोघेही थांबतील, हेही आधीच ठरवावे. आजारी मूल कडेवर घेऊन कोणालाही हा वाद घालावा लागू नये.

जेवणाची चिंता फारशी नको. या दोन्ही बेटांवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती मोठी आहे. डाळ-भात, भाजी, ताजी मासळी सहज मिळते. मऊ भात मागितला तर साध्या खानावळीतही करून देतात. सोबत मेतकुटाची पुडी असली की मुलांचे आणि आपले, दोघांचेही भागते.

निघण्यापूर्वी एक बैठक

तिकिटे काढण्यापूर्वी एका रविवारी दोन्ही कुटुंबांनी एकत्र बसावे. ज्येष्ठांनी त्या बैठकीत संकोच न करता बोलावे : मी काय आनंदाने करीन, काय मला झेपणार नाही, आणि मला स्वतःला तिथे काय पाहायचे आहे. ‘दुपारी दीड तास झोपलेल्या मुलांजवळ मी बसेन, किनाऱ्यावरचा पहारा मात्र तुमचा. आणि एक सकाळ आम्हा दोघांची,’ असे सांगणारे आजी-आजोबा कोणावर ओझे होत नाहीत. तरुणांनीही आई-वडिलांच्या गुडघ्यांचा, औषधांच्या वेळांचा आणि रात्री लघवीला उठण्याचा विचार करून तळमजल्याची, न्हाणीघरात आधाराची कडी असलेली खोली मागावी. अंधार लवकर पडतो, म्हणून प्रत्येकाजवळ विजेरी असावी.

प्रकृतीमुळे ज्यांना जाता येणार नाही, त्यांच्या आठवड्याची व्यवस्था याच बैठकीत व्हावी : मुक्कामाला कोण येणार, औषधे कोण देणार, डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांचा फोन कोणाकडे. रोज ठरलेल्या वेळी फोन येईल असे सांगावे, पण एखाद्या दिवशी बेटावरून तो लागला नाही तर घाबरू नये, हेही सांगून ठेवावे.

शेवटी कागदावर पाच ओळी लिहाव्यात आणि त्याची प्रत दोन्ही घरांनी ठेवावी :

• पाण्यावरचा पहारा कोणाकोणाचा.
• औषधांच्या बॅगेची किल्ली कोणाकडे.
• प्रत्येक माणसाचा रक्तगट, आजार, औषधे आणि वावड्या गोष्टी.
• मूळ ओळखपत्रे आणि मुलांचे जन्मदाखले कोणत्या पिशवीत.
• कोणी आजारी पडल्यास कोण थांबणार, कोण पुढे जाणार.

हा कागद तयार झाला, की मगच बोटीची आणि विमानाची तिकिटे काढावीत.